फुजैराचा म्हातारा आणि टायरचं अस्तर

अल ऐनमध्ये सायकलचं दुकान चालवायचं म्हणजे मासळीबाजारात कंगवे विकायला बसायचं. गिऱ्हाईक येतं, पण कुठून येईल ते सांगता येत नाही. इथला माणूस कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दही आणायला निघाला तरी आधी गाडी चालू करतो, एसी लावतो, सीट गार होईपर्यंत घरात जाऊन बसतो आणि मग निघतो. तोवर चालत गेलेल्या माणसाचं दही खाऊन झालेलं असतं.

अशा गावात मी सायकली दुरुस्त करत म्हातारा झालो. पोरांना शिकवलं, दाभोळच्या खाडीकाठी घर बांधलं, आणि अजूनही सनइयात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, माझं दुकान उघडं आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, "उस्मानभाई, या वर्षी तुमच्या धंद्यावर लिहा. फक्त खरं लिहा हं."

मी म्हटलं, "मग अंक पातळ निघेल."

तेव्हा आधीच सांगून ठेवतो. पुढे टायरबद्दल जे लिहिलंय ते सगळं खरं आहे. काट्यांच्या लांबीबद्दल मात्र माझ्याशी वाद घालू नये.

माझ्या दुकानाचा खरा मालक म्हणजे समर नावाचं झाड. आपल्या बाभळीचा हा अरबी चुलतभाऊ. पाऊस नाही, माती नाही, कुणी विचारपूस करत नाही, तरी वाळवंटात छत्री उघडून उभा. याचा काटा सुकून वाळूत पडला की वाट बघत बसतो. एकदा एका पठाणाच्या मागच्या चाकात असा काटा घुसला की टायर, ट्यूब, रिम सगळ्यांना सलाम करत वर मडगार्डमधून बाहेर आला. पठाण सायकल घेऊन आला तेव्हा त्या काट्याला त्याची जेवणाची पिशवी टांगलेली. मी पक्कड घेतली तर म्हणतो, "छोड़ो उस्ताद, काम का है."

"अरे, पण चाक फिरत कसं होतं?"

"फिरता किधर था? धक्का मारके लाया ना."

बाहेरच्या लोकांना वाटतं, पंक्चर काढणं म्हणजे ठिगळ लावणं. ठिगळ कुणीही लावेल. ट्यूब फुगवायची, पाण्याच्या टबात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, तेवढा भाग घासायचा, सोल्यूशन लावायचं आणि ते वाळेपर्यंत गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं मला सगळ्यांत जड जातं. मग ठिगळ दाबलं की काम खलास. पण काटा टायरमध्येच राहिला असेल तर गिऱ्हाईक पुढच्या दुवारापर्यंत जाऊन परत येतं आणि तुमच्या सात पिढ्यांची चौकशी करतं. (दुवार म्हणजे चौकातलं वाहतुकीचं गोल वर्तुळ. अल ऐनला त्यांचा भारी शौक. हे दुवार पुढे येणार आहेत.) म्हणून आमच्या दुकानाचा कायदा असा की ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. बोटाला चकवणारा काटा कापसाला चकवू शकत नाही. जिथे तंतू अडकला तिथे चोर सापडला.

दुसरा कायदा उन्हाळ्याचा. एसीत बसून हवा ठासून भरायची नाही. हवा गरम झाली की फुगते, हे शाळेत सगळे शिकलेले असतात आणि सगळे विसरलेले असतात. एका बँकवाल्या साहेबांनी माझं न ऐकता टायर दगडासारखा टणक केला आणि सायकल भर दुपारी दुकानाबाहेर उन्हात लावली. असा बार झाला की समोरच्या चहावाल्याने शटर ओढलं, आणि वाडीच्या, म्हणजे इथल्या कोरड्या नदीच्या पात्राच्या, कडेला उभे असलेले दोन उंट सरळ ओमानच्या हद्दीत गेले. ते अजून आलेले नाहीत.

गिऱ्हाइकंही एकेक नग. खजुराच्या मोठ्या बागेचे मालक असलेले आमचे एक अरबाब, म्हणजे इथल्या बोलीत शेठ, आहेत. एक दिवस हातावर ससाणा घेऊन आले आणि म्हणाले, "हबीबी, हँडलपे इसका कुर्सी बनाओ." त्यांना ससाण्याला सायकलवरून फिरवायचं होतं. मी पाइप वाकवून, वर काथ्या गुंडाळून बैठक बनवली. पण ससाण्याच्या डोळ्यांवर जी चामड्याची टोपी घालतात, तिलाही इथे बुरखाच म्हणतात, ती धक्क्यांनी सरकायला लागली. टोपी सरकली की ससाण्याला समोर मांजर दिसे, आणि मग सायकल कुठे जाईल ते अरबाबांच्या हातात नसे.

इथे माझी बायको गोष्टीत येते. मेहरुन्निसा घरी शिवणकाम करते. शेजारपाजारच्या बायकांच्या अबाया, पोरींचे कुर्ते, सगळं तिच्या मशीनवर. तिने ससाण्याचं डोकं लांबूनच बघितलं, माप घेतलं ते डोळ्यांनीच, आणि असा बुरखा शिवला की तो पक्षी सायकलवर बसून घोरायला लागला. अरबाब एवढे खूष झाले की खजुराची पेटी आणि चामड्याच्या तुकड्यांनी भरलेली भली मोठी पिशवी घरी पाठवून दिली. खजूर संपले. पिशवी आमच्या पलंगाखाली जाऊन बसली. ती पिशवी लक्षात असू द्या.

आता नाडकर्णीसाहेब.

नाडकर्णीसाहेब एका इस्पितळाच्या लॅबमध्ये साहेब होते. मूळ ठाण्याचे. देह असा की त्यांची सायकल बिचारी त्यांच्याकडे बघून आधीच अर्धी हवा सोडून द्यायची. त्यांच्या लॅबच्या खिडकीतून जबल हफीत दिसतो. अल ऐनच्या मागे भिंतीसारखा उभा असलेला डोंगर, वरपर्यंत वळणावळणाचा गुळगुळीत रस्ता. सगळ्या देशातून सायकलवाले तो चढायला येतात.

"उस्मानभाई," नाडकर्णीसाहेब म्हणायचे, "मी दिवसभर लोकांचं रक्त तपासतो आणि तो डोंगर दिवसभर मला तपासतो."

दर हिवाळ्यात ते निघायचे आणि डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायच्या आत पंक्चर होऊन माझ्या दुकानात यायचे. कारण दुवार! साहेबांना दुवाराची भीती. मोठ्या रस्त्याने जायचं सोडून ते मागच्या वाटेने जायचे, उंटांच्या गोठ्यांच्या कडेने, वाडीच्या वाळूतून, जिथे समरची झाडं हात पसरून त्यांची वाट बघत असायची.

"साहेब, दुवारातून जा ना. टायर वाचेल."

"अहो, मी दुवारात शिरलो की मला बाहेर पडता येत नाही. एकदा गोल गोल फिरतच राहिलो."

"किती वेळ?"

"कोपऱ्यावरचा पोलीस हात हलवून ओळख दाखवायला लागला तोपर्यंत."

"मग सायकल गाडीत टाका, पायथ्याशी उतरवा आणि चढा."

यावर मात्र साहेब ताठ व्हायचे. "घराच्या दारातून निघायचं आणि वर पोहोचायचं. गाडीतून नेलेला डोंगर माझा नाही."

अशी वर्षं गेली आणि साहेब रिटायर झाले. व्हिसा संपत आला, घरातलं सामान खोक्यांत गेलं, ठाण्याला जाणारा कंटेनर ठरला. नाडकर्णीवहिनींनी हुकूम काढला. साहेबांनी तो मला दुकानात येऊन वहिनींच्याच आवाजात ऐकवला: "डोंगर चढलात तर सायकल कंटेनरमध्ये. नाहीतर इथेच विकून टाका. न चढलेल्या सायकलीला माझ्या घरात जागा नाही."

"किती दिवस आहेत हातात?"

"एक रविवार."

एवढं बोलून साहेब माझ्या स्टुलावर बसले. पुढचं चाक माझ्या मांडीवर, त्यात नेहमीचा काटा. सोल्यूशन वाळत होतं आणि मी गप्प बसायचा प्रयत्न करत होतो. तेवढ्यात साहेबच बोलले.

"उस्मानभाई, हवा भरलेल्या टायरचा पहिला बाप कोण, ठाऊक आहे?"

"टायर फुटला की गिऱ्हाईक माझ्या बापाला विचारतं, टायरच्या नाही."

"स्कॉटलंडचा एक तरुण होता. तेव्हा चाकं लाकडाची, वर लोखंडी धाव. गाडी चालली की हाडं खिळखिळी. याने रबर चढवलेल्या कापडाची नळी केली, तिच्यावर चामड्याचं जाड कवच चढवलं, आत हवा भरली आणि घोडागाडीच्या चाकांना लावली. गाडी आवाज न करता गेली. लोकांनी वा वा केलं आणि घरी गेले."

"मग?"

"मग विसरले. रबर महाग होतं, आणि आपल्यासारख्या सायकली अजून जन्मायच्या होत्या. बिचाऱ्याने लग्न ठरायच्या आधी पाळणा आणून ठेवला. चाळीसएक वर्षांनी एका जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती पुन्हा केली. तोवर सायकली आल्या होत्या. नाव त्याचं झालं. पहिल्याचं पेटंट नंतर उजेडात आलं, पण लोकांच्या तोंडात दुसऱ्याचं नाव बसलं ते बसलंच."

मेहरू माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबून ऐकत होती. तिने विचारलं, "आतून कापड आणि वरून चामडं?"

"हो वहिनी."

"शिवलेलं?"

"काही शिवलेलं असेल, काही खिळे ठोकून जोडलेलं."

"खिळे कशाला ठोकायचे!" एवढं पुटपुटून तिने कोपऱ्यातला एक जुना टायर उचलला आणि निघून गेली. डबाही परत घेऊन गेली. त्या दिवशी मी उपाशी राहिलो. विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोसलंय ते मला त्या दुपारी कळलं.

संध्याकाळी घरी गेलो तर जेवणाच्या टेबलावर टायर, पलंगाखालची पिशवी उघडी, आणि आमची लेक सलमा कपाळाला हात लावून उभी. "अम्मी, धिस इज अ डायनिंग टेबल. पीपल ईट हिअर."

मेहरूने टायरला अस्तर शिवलं होतं. ससाण्याच्या बुरख्याचं पातळ, चिवट चामडं टायरच्या बाजूला, जाड कापड ट्यूबच्या बाजूला. लांब पट्टी, टायरच्या आत गोल बसणारी. मी लगेच माझ्या सायकलला घातली आणि सनइयाला एक फेरी मारली. अर्ध्यात फुस्स. ट्यूब उघडून बघितली तर काटा नाही काही नाही, अस्तराची शिवणच ट्यूबवर घासून घासून तिला भोक पाडून बसली होती.

मी हसलो. तिने माझ्या हातातून टायर ओढून घेतला. "हसू नका. अस्तराची शिवण अंगाला लागू द्यायची नसते, हे पहिल्या कुर्त्याला शिकवतात. मीच विसरले." तिने सगळं उसवलं आणि शिवण कापडाच्या आत दडवली.

मग दुसरं दुखणं. पट्टीची दोन टोकं जिथे एकावर एक यायची तिथे उंचवटा व्हायचा, आणि चाक लंगड्या घोड्यासारखं धप, धप. तिने ससाण्याचा बुरखा कापायला वापरलेली धारदार सुरी काढली, दोन्ही टोकं तिरकी तासली, कागदासारखी पातळ केली आणि चिकटवली. बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे तेच कळेना. माझा वाटा इतकाच की ट्यूब चिकटू नये म्हणून मी आत टाल्कम पावडर टाकली. चांगली गुलाबाची. त्यामुळे नाडकर्णीसाहेबांची सायकल पुढे न्हाव्याच्या दुकानासारखी घमघमत गेली.

"एक शर्त आहे," मेहरू म्हणाली. "माझं नाव कुठे घ्यायचं नाही. ईदच्या अबाया पडल्यात. उद्या अख्खं अल ऐन टायर गळ्यात घालून दारात उभं राहील."

"अगं, पण एवढी मोठी गोष्ट..."

"तुमच्या पोटात एक गोष्ट राहू दे. फक्त एक."

रविवार उजाडला. साहेब घराच्या दारातून निघाले. मागे माझा पिकअप, त्यात मेहरू आणि नाडकर्णीवहिनी. वाडीतली वाट आली. काटे असे पसरलेले की माझ्या पिकअपच्या टायरांनी कलमा पढला असेल. साहेब त्यातून सरळ गेले. वहिनींनी खिडकीची काच खाली केली, मान बाहेर काढली आणि त्या आवाज ऐकत राहिल्या. फुस्स आलंच नाही.

"चाललीय की!" त्या म्हणाल्या, आणि आपण आनंदाने बोललो हे लक्षात आल्यावर पुन्हा गंभीर झाल्या.

पण मग डोंगर सुरू झाला. साहेब इतके हळू चढत होते की रस्त्याकडेच्या बकऱ्या त्यांना ओलांडून पुढे गेल्या आणि वळून बघत थांबल्या. निम्म्यात एका वळणावर ते उतरले, सायकल कठड्याला टेकवली आणि मान खाली घालून उभे राहिले. मी पिकअप थांबवला. वहिनी उतरून त्यांच्याजवळ गेल्या.

"हवा गेली?"

"टायरची आहे. माझी गेली."

मला वाटलं, आता कंटेनरचं भाषण होणार. वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली, आणि पदराने... नाही, त्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, ओढणीने त्यांचा चष्मा पुसला.

"ठाण्याची गॅलरी मी मोजून घेतलीय," त्या म्हणाल्या. "हँडल जरा तिरकं केलं तर सायकल बसते."

साहेब बघतच राहिले. "म्हणजे न चढताही..."

"न चढता नेली तर रोज तिच्याकडे बघून उसासे टाकाल. ते मला ऐकायचे नाहीत. चढा."

साहेबांनी बाटली परत दिली आणि चढले. कसे चढले ते मी लिहीत नाही, कारण मी कितीही वाढवून लिहिलं तरी कमीच पडेल. शेवटच्या वळणावर वहिनी पिकअपमधून ओरडत होत्या, "यल्ला! यल्ला!" इतकी वर्षं या देशात राहून त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलेला तो अरबी शब्द. म्हणजे, चला!

वर पार्किंगमध्ये सायकलवाल्यांचा मेळा. गोरे, फिलिपिनो, मल्याळी, इथली अरब पोरं. मला राहवेना. मी तिथेच साहेबांचं मागचं चाक उघडलं, अस्तर बाहेर ओढलं आणि वर धरलं. काटेच काटे! शिंप्याच्या टाचण्यांची गादी असते ना, तसं. एकही पलीकडे गेलेला नाही. ट्यूब नव्या नवरीसारखी.

सगळे जमले. "हू मेड धिस?" "किसने बनाया, भाईसाब?"

मी अभिमानाने तोंड उघडलं, आणि पिकअपच्या काचेतून मेहरूचे डोळे दिसले. आता उघडलेलं तोंड रिकामं बंद करणं मला कधी जमलेलं नाही. म्हणून जे आलं ते बोललो.

"फुजैरात एक म्हातारा आहे."

"कहाँ पे?"

"बंदराच्या मागे. पूर्वी जहाजांची शिडं शिवायचा. एक डोळा अधू आहे. फोन वापरत नाही. मर्जी असली तरच शिवून देतो."

नाडकर्णीसाहेबांना खोकला आला. पिकअपमध्ये मेहरू तोंडावर दुपट्टा धरून हसत होती. पोरांनी फोनमध्ये टिपून घेतलं, आणि मला वाटलं, प्रकरण मिटलं.

साहेब ठाण्याला गेले, सायकलही गेली. पुढे काही महिन्यांनी दुबईच्या अल मनखूलमधला एक मल्याळी सायकलवाला दुकानात आला आणि ऐटीत म्हणाला, "चाचा, मिल गया."

"कोण मिळाला?"

"फुजैराचा म्हातारा!"

मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. हा गडी म्हणतो, इतके सायकलवाले विचारत फिरले की शेवटी बंदरामागच्या एका दुकानात तो सापडला. डोळे दोन्ही चांगले आहेत म्हणे, पण शिडाचं विचारलं तर मान हलवतो. अस्तराचे शंभर दिरहम घेतो, म्हणजे आपले तेवीसशेच्या वर रुपये, आणि आता तर लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घेतात.

मी त्याच्याकडून ते अस्तर मागून घरी नेलं आणि मेहरूसमोर ठेवलं. मला वाटलं, हसेल. तिने चष्मा लावला. पट्टी उलटी केली, सुलटी केली, बोट फिरवलं. मग मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"शिवण बाहेर ठेवलीय. आणि सांधा बघा, सरळ कापलाय मेल्याने! ट्यूब महिना काढायची नाही."

"मग मी काय करू? तूच म्हणालीस, नाव घेऊ नका."

"माझं घेऊ नका म्हटलं होतं. दुसऱ्याला द्या असं कुठे म्हटलं होतं?"

मी ठाण्याला फोन लावला. साहेब म्हणाले, "उस्मानभाई, इथे सोसायटीत सगळे विचारतात, अस्तर कुणाचं? मी सांगतो, अल ऐनच्या मेहरुन्निसावहिनींचं. कुणी विश्वास ठेवत नाही. हिने एकदा गंमत म्हणून फुजैराचा म्हातारा सांगितला, तर लगेच पटलं!"

फोन स्पीकरवर होता. मेहरूने सगळं ऐकलं. तिने मशीनवरची अबाया बाजूला सारली आणि मला समोर बसवलं.

"त्या दिवाळी अंकवाल्यांना लेख पाहिजे ना? लिहा."

तर लिहितो. टायरला चामड्याचं आणि कापडाचं अस्तर लावायची ही युक्ती, शिवण आत आणि सांधा तिरका, अल ऐनमध्ये, आमच्या जेवणाच्या टेबलावर, मेहरुन्निसाने काढली. मी फक्त पावडर टाकली. सलमा साक्षीला आहे; मराठीत विचारलंत तर ती इंग्रजीत सांगेल.

एवढं लिहून वाचून दाखवलं. मेहरूने मान हलवली आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. मग म्हणाली, "त्या फुजैरावाल्याला एक निरोप पाठवा. सांधा तिरका काप म्हणावं. लोकांचे पैसे घेतोयस तर नीट तरी कर."

"अगं, पाठवू कुठे? त्याचा पत्ता काय?"

"मला काय विचारता?" मशीन पुन्हा सुरू करत ती म्हणाली. "जन्माला तुम्ही घातलात त्याला."

तेव्हा फुजैराच्या बाबा, तुझ्या दुकानात कुणी मराठी माणूस हा अंक घेऊन आला आणि त्याने तुला हे वाचून दाखवलं, तर ऐक. सांधा तिरका काप. शिवण आत घे. आणि जमलं तर एक डोळा जरा अधू ठेवत जा, माझी अब्रू राहील.